रेवाचा जेनेटिक रिपोर्ट आला, औषध मात्र तेच

अ‍ॅशबर्नमधल्या मराठी मंडळी, आत्ताच क्लिनिकमधून घरी आलेय आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय.

माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला, रेवाला, लहानपणापासून दमा आहे. इनहेलर नियमित घेऊनही यंदा दोनदा इमर्जन्सीत न्यावं लागलं. म्हणून डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट सुचवली. तिला कुठलं औषध लागू पडेल, हे त्यातून कळेल अशी आशा होती.

आज रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, "तिच्या जीन्समध्ये एक वेगळा बदल दिसतोय. पण भारतीय मुलांवर याचा अभ्यास फारच कमी झालाय. त्यावरून औषध बदला, असं मी खात्रीने सांगू शकत नाही."

"सो व्हॉट डू आय डू नाऊ?" रेवाने विचारलं.

"सध्या हाच इनहेलर चालू ठेवूया," डॉक्टर म्हणाल्या.

पार्किंगमध्ये तिला खोकल्याची उबळ आली. मी तिची पाठ चोळत राहिले, डोळ्यांतून पाणी येत होतं. खोकला थांबल्यावर तीच म्हणाली, "आई, रडू नको ना. आय अ‍ॅम ओके."

ती ओके नाहीये, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलांची अशी टेस्ट झालीये का? पुढे काय केलंत? मला खरंच काही सुचत नाहीये.