पेढ्याच्या डब्यावरचे आमचे हे

माझ्या नवऱ्याला जाऊन आठ महिने झाले, तरी घाटनांदुरात सगळ्यांत जास्त दिसणारे गृहस्थ अजून तेच आहेत. पेढ्याच्या दुकानाच्या पाटीवर आहेत, शटरवर आहेत, स्कुटीच्या मागे आहेत. डब्यावर तर होतेच. त्या डब्याबद्दलच लिहायचं आहे.

बीडला एकदा लहान धंदेवाल्यांसाठी शिबिर झालं. तिथे कुणीतरी सांगितलं, रंग एक ठेवा, अक्षर एक ठेवा, चिन्ह एक ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक लांबूनही ओळखतं. बाकीचे लोक जेवून परत आले. आमचे हे ऐकून आले.

त्यानंतर हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल सोडून तिसरा रंग आमच्या संसारात उरला नाही. काउंटर, पाण्याचा ड्रम, खव्यावर झाकायचं फडकं, सगळं रंगलं. माझं पुस्तकांचं कपाट तेवढं वाचलं, कारण ते ब्रश घेऊन आले तेव्हा मी त्याला पाठ लावून वाचत बसले आणि उठलेच नाही.

चिन्ह म्हणून मी म्हैस सुचवली. खवा तिचा, मान तिला मिळायला हवा. ह्यांना ते लागलं.

"म्हशीचं तोंड बघून कोण पेढे घेतंय? माणसाचं तोंड पायजे."

आणि गावातल्या सगळ्या माणसांत त्यांना स्वतःचंच तोंड पसंत पडलं. फ्लेक्स छापणारा त्यांचा वर्गमित्र. त्याने ह्यांची मान कॉम्प्युटरवर एका काळ्या कोटात बसवून दिली. त्या कोटात आधी दोन सरपंच आणि एक सभापती होऊन गेले होते.

मग एका सकाळी भट्टीसमोर बसल्या बसल्या ते गेले.

दुसऱ्या दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. मित्राने रडत रडत, घाईत केला होता. नवीन काही मांडायची त्याची मनःस्थिती नव्हती, म्हणून त्याने दुकानाचीच फाईल उघडली. तोच पिवळा, तेच लाल अक्षर, तोच फोटो. 'शुद्ध खव्याचे पेढे' पुसून तिथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. खालची ओळ पुसायची राहिली: 'आमची कोठेही शाखा नाही.'

दहाव्याहून परतताना रिक्षातून मी ती ओळ वाचली आणि मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलायचे थांबेनात. शेजारची बाई म्हणाली, "रडू द्या तिला. मोकळी होऊ द्या."

शिबिरातल्या माणसाचं म्हणणं किती खरं होतं ते तेराव्यानंतर दुकान उघडलं तेव्हा कळलं. पहिलंच गिऱ्हाईक नातू झाला म्हणून पेढे न्यायला आलं होतं. मी डबा पुढे केला. तो गृहस्थ हात मागे घेऊन उभा राहिला.

"वहिनी, दुसरा डबा न्हाई का?"

"का? फाटलाय?"

"फाटला न्हाई. दादा लई चांगला माणूस होता. पण घरात म्हातारी हाय. चौकात तोच फोटो, तोच रंग. ती म्हणंल, बारशाला पेढे आणायला लावले, हे कुणाच्या तेराव्याचं आणलं?"

मी पेढे वर्तमानपत्रात बांधून दिले. साखरपुड्याचे आले, नोकरी लागलेले आले, सगळ्यांचं तेच. पेढा माणूस आनंदातच घेतो, आणि आनंदाच्या डब्यावर गेलेला माणूस कुणाला नको होता. हळूहळू लोक स्टँडजवळच्या दुकानाकडे वळले. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत भट्टी विझणार होती, आणि त्या भट्टीवरच सासूबाईंचं आणि माझं चालायचं.

फ्लेक्सवाल्याने तोडगा आणला. "वहिनी, तुमचा फोटो द्या. त्याच कोटात बसवतो."

"मला कोट?"

"मग नऊवारी हाय एक माझ्याकडं, सभापतीनबाईंची. मान तेवढी तुमची लागंल."

मी त्याला चहा पाजून घालवला आणि सासूबाईंकडे विषय काढला. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून सपाट पुठ्ठे दुमडून डबे करायच्या.

"फोटो काढायचा? कावून?"

"लोक डबा घेत नाहीत, आत्या."

"नसतील घेत तर ओंजळीत न्या म्हणावं! माझ्या लेकाचं तोंड काढून कुणाचं लावतीस? म्हशीचं?"

मी विषय तिथेच सोडला. खरं म्हणजे मलाही काढवत नव्हतं. रोज सकाळी पुठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला की हे एकदम ढीगभर बाहेर पडायचे, सगळे हसरे. मी एकेकाला सरळ करून ठेवायची. त्यात माझा बराच वेळ जायचा, आणि मला तो जायला हवा होता.

पावसाळा सरताना एक बाई आली. लेक बाळंत झाली होती. डब्याकडे तिने पाहिलं. तो उचलून काउंटरवर अलगद पालथा ठेवला आणि पैसे शोधायला लागली. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या, एक सपाट पुठ्ठा घेऊन आल्या आणि उलटा दुमडायला लागल्या, छपाई आत, कोरी बाजू बाहेर. घड्या उलट्या बसेनात. त्यांनी अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या.

"काय झालं लेकीला?"

"पोरगी."

"लक्ष्मी हाय. घे बाई, यात घे."

बाई गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्याला आत. मधी बटर पेपर घालत जा, न्हाईतर रंग लागंल पेढ्याला."

उरलेला सगळा गठ्ठा आम्ही दोघींनी तसाच उलटा दुमडला. लोक कुरकुर न करता डबा नेऊ लागले. गेल्या आठवड्यात पुठ्ठे संपले तेव्हा फ्लेक्सवाला नमुना घेऊन आला.

"बाहेरून काय टाकू वहिनी?"

"काही नको. कोराच राहू दे."

"आन् आत?"

"आहे तेच."

"आसं कुटं आसतंय व्हय? दुकानाची वळख कशी पटायची?"

"तू छाप गप," सासूबाई म्हणाल्या.

नव्या छपाईत ह्यांचं तोंड झाकणाच्या आतल्या बाजूला आलं आहे. डबा उघडला की दिसतात, लावला की गप्प बसतात. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे त्यांना एकदाही जमलं नव्हतं.