अल्माचा कान

आमच्या टॅमरॅक फोर्क गावात एल्कच्या, म्हणजे सांबराहून थोराड अशा हरणाच्या, शिकारीचा कोट कोणी आरशात बघून घेत नाही. अल्मा क्विस्टसमोर उभं राहून घेतात. तिच्या दुकानात आरसा नाहीच मुळी. वेंडेलच्या पशुखाद्याच्या दुकानामागची खोली, एक शिवणयंत्र, एक लोखंडी शेगडी, लोकरीचे तागे आणि मधोमध एक लाकडी खुर्ची. गिऱ्हाइकाने कोट अंगात घालायचा, खोलीत दोन फेऱ्या मारायच्या, गुडघ्यावर बसायचं, उठायचं आणि शेवटी धनुष्य ओढल्यासारखे हात ताणायचे. तेवढा वेळ अल्मा खुर्चीत डोळे मिटून बसायची. कापड कुठे वाजलं, की डोळे न उघडताच सांगायची, "डावी काख," नाहीतर, "खिशाची कड." काहीच वाजलं नाही तर म्हणायची, "जा." हे एवढंसं 'जा' ऐकायला माणसं दीडशे मैलांवरून गाडी हाणत यायची.

मी मर्ना. गावच्या शाळेत सव्वाशे पोरांचं जेवण रांधते. उठसूट कुणाचं कौतुक करण्याचा माझा स्वभाव नाही, उलट मी फाडकन बोलते म्हणून लोक मला जरा टरकूनच असतात. पण अल्मापुढे मीसुद्धा मान खाली घालून कोट घालायचे.

एकदा शहरातला एक दातांचा डॉक्टर आला होता. टोपीपासून बुटापर्यंत नुसती पानंच पानं छापलेली. दारातच ऐटीत उभा राहून म्हणाला, "काय बाई, दिसतोय का मी?"

"दिसतोस बाबा झाडासारखाच," अल्मा म्हणाली. "पण वेफर्सच्या पिशवीसारखा वाजतोस. झाड असं वाजत नाही. आणि ही बारीक बारीक पानं कुणी निवडली?"

"दुकानदार म्हणाला, सगळ्यात खरी वाटणारी नक्षी आहे."

"त्याला आणि तुला खरी वाटत असेल, तुम्ही हातभर अंतरावरून बघता. चाळीस पावलांवरून ती सगळी एकमेकांत मिसळतात आणि एक काळं ढेकूळ दिसतं. दोन पायांचं ढेकूळ बघून एल्क थांबत नाही. अंग तुटक दिसायला मोठे ठिपके हवेत. मोठे चौकडे असले तरी चालतील. बरं, हे धुतलंस कशात?"

"घरच्याच साबणात. कपडे पांढरेशुभ्र होतात तो."

"झालं! तो साबण कापडात चमक ठेवून जातो. आपल्याला नाही दिसत, एल्कला दिसते. निळा दिवा लावून डोंगरात हिंडल्यासारखं आहे ते."

"मग ती भडक नारिंगी बंडी घालतात ती कशी चालते?"

"नारिंगी त्याच्या डोळ्यांना मातकट दिसतं. बंदुकीच्या मोसमातली ती बंडी एल्कसाठी नसतेच. आपल्यातली गाढवं एकमेकांना गोळ्या घालतात ना, त्यांच्यासाठी असते."

डॉक्टर खोखो हसला आणि करड्या-तपकिरी चौकड्यांचा लोकरी कोट घेऊन गेला. पुढच्या वर्षी दोन भावांना घेऊन आला.

अल्माचा जन्म लाकूडतोड्यांच्या तळावरचा. तिची आई लष्कराची जुनी घोंगडी उसवून बापाला कोट शिवायची. बाप अल्माला ओंडक्यावर डोळे मिटून बसवायचा आणि मागून कोण येतंय ते नुसत्या विजारीच्या आवाजावरून ओळखायला लावायचा. सुती असेल तर ओली झाल्यावर फटफटते, कातडी कुरकुरते, लोकर गप्प असते. पुढे तिने स्वतः एकतीस एल्क मारले, पण भिंतीवर एकही शिंग टांगलं नाही. एका शिंगाच्या फाट्यांवर दोऱ्याची रिळं अडकवलेली असत, तेवढंच. नवरा नेल्स मासे धरणारा, शिकारीला कधीच गेला नाही. त्यावर अल्मा म्हणायची, "घरात एकाने तरी उन्हं येईपर्यंत झोपायला हवं." सत्तरीत गुडघ्याने दगा दिला तेव्हा तिने धनुष्य खुंटीला लावलं. खुर्ची मात्र सोडली नाही.

गेल्या वर्षी माझं नशीब फळफळलं. वरच्या खोऱ्यातल्या मोठ्या नरांचे परवाने सोडतीने मिळतात, आणि बारा वर्षं अर्ज भरून भरून माझा हात दुखला होता. जूनमध्ये नाव लागलं. शाळेतल्या पोरांना मी त्या दिवशी दोनदा खीर वाढली. हा परवाना एकाच मोसमाचा. तो हुकला, तर पुढचं नाव लागेपर्यंत मी पासष्टीला टेकणार होते.

माझा जुना लोकरी कोट अंगाला दाटत होता. खोटं कशाला बोलू, खीर मीही खाते. म्हणून ऑगस्टमध्ये अल्माने मला नवा कोट बेतला. आत लोकर, आणि खांद्यावर, बाह्यांवर पाऊस अडवणारं नव्या धर्तीचं कापड. मी फेऱ्या मारल्या, बसले, उठले, हात ताणले. अल्मा डोळे मिटून बसली होती.

माझ्या उजव्या काखेत बारीकसं 'स्स' झालं. मला ऐकू आलं.

"जा," अल्मा म्हणाली.

आणि मी गेले. दुसऱ्या कुणी शिवला असता, तर त्याच्या तोंडावर फेकला असता तो कोट. पण मनात आलं, अल्मा 'जा' म्हणतेय म्हणजे आपल्यालाच भास झाला. आमच्या गावात कुणीही असाच विचार केला असता. आमचे कान डोक्याला होते, पण भरवसा तिच्या कानांवर होता.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी खोऱ्यात चढले. नर माजावर आले होते. खोल हंबरून सुरू होणारी आणि शिळेत संपणारी त्यांची हाक सगळ्या दरीत घुमत होती. सकाळी सातला एक नर माझ्यासमोर तीस पावलांवर आला. एवढा मोठा, की त्याची शिंगं आधी मला सुकलेली फांदीच वाटली. त्याने झाडामागे डोकं घातलं आणि मी धनुष्य ओढलं.

'स्स.'

त्याने मानसुद्धा पुरती वळवली नाही. नुसता नाहीसा झाला. मी तिथेच बसून ढसाढसा रडले, आणि मग त्या बाहीला अशा काही शिव्या दिल्या की शाळेत नोकरी करणाऱ्या बाईला त्या शोभत नाहीत.

खाली आल्यावर सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, वारा फिरला. एल्कला वास गेला की खेळ खलास, त्यामुळे वेंडेलसकट सगळे हळहळले. अल्मा मात्र हळहळली नाही.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"सात."

"ऊन आलं होतं?"

"नव्हतं."

"मग वारा डोंगरावरून खाली वाहत असणार. नर कुठे होता?"

"वरच्या अंगाला," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग तुझा वास त्याच्याकडे जाईलच कसा? मर्ना, स्वयंपाक चांगला करतेस, थापा भिकार मारतेस. कोट दे इकडे."

तिने बाही हातात धरून कापडावर कापड घासलं. चेहरा कोरा. पुन्हा घासलं. मग बाही अगदी कानाला लावून घासली. मला तीन हातांवरून ते फिसफिसणं ऐकू येत होतं.

"वाजतंय?" तिने विचारलं.

मी मान हलवून 'हो' म्हटलं. अल्मा खुर्चीत बसली. मग म्हणाली, "यंदा माझ्या घरामागच्या उतारावर एल्क ओरडले का गं?"

"रोज पहाटे. अगदी माझ्या घरापर्यंत ऐकू येतात."

"मी वनरक्षकाला भर रस्त्यात झापलं. म्हटलं, तुमच्या लांडग्यांनी सगळे नर खाल्ले, एकाचाही आवाज येत नाही." ती हसायला गेली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. मला इतकं वाईट वाटलं, की तिच्याकडे बघवेना. त्याच वेळी सांगायला हवं होतं, की ऑगस्टमध्येच मी तो आवाज ऐकला होता. नाही सांगितलं.

दुसरी कुणी बाई असती, तर दार लावून घेतलं असतं. अल्माने दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर पाटी लावली. मोठी अक्षरं, खाली सही: 'यंदा मी "जा" म्हटलेले सगळे कोट परत घेऊन या. माझे कान गेले आहेत.'

वेंडेल धावत आला. "अल्माबाई, अहो, काढा ती पाटी! लोक काय म्हणतील? तुमचं नाव खराब होईल."

"एक जण हात हलवत खाली आलीय. आणखी तेरा जण डोंगरात वाजत फिरताहेत. नाव त्यानेच खराब होतंय, वेंडेल. आणि तुझं खेचर मला हवंय."

"बिशप? त्याचं काय करणार?"

"तो सबंध काउंटीत सगळ्यात संशयी प्राणी आहे. तुझ्यापेक्षाही."

अशी ती नवी परीक्षा सुरू झाली. दुकानामागच्या अंगणात बिशपला बांधायचं. कोट घातलेल्या माणसाने त्याच्या बाजूला, दहा पावलांवर, तो दुर्लक्ष करेपर्यंत निमूट उभं राहायचं. मग सावकाश हात ताणायचे. अल्मा आपली खुर्ची खेचरासमोर ठेवून, आता डोळे चांगले उघडे ठेवून, त्याच्या कानांकडे बघायची. कान वळला की कोट नापास. पहिल्या दिवशी अर्धं गाव कुंपणावर बसून फिदीफिदी हसत होतं. "बिशप, माझी बायको मला ओरडणार आहे का तेवढं सांग!" असंही कुणी ओरडलं. पण तेरापैकी चार कोटांना बिशपचा कान वळला, आणि ते चारही त्याच नव्या कापडाचे निघाले. मग कुणी हसलं नाही. अल्माने चारही बाह्या उसवल्या आणि लोकरीच्या करून दिल्या.

माझा कोट शेवटी घेतला. काख तिने बदललीच होती. मोसमाचे तीन दिवस उरले होते. मी बिशपच्या बाजूला उभी राहिले. तो कंटाळून पेंगायला लागला. मी हात ताणले. बिशपचे दोन्ही कान लोंबकळलेले तसेच राहिले. कुंपणावरून टाळ्या पडल्या.

"जा," अल्मा म्हणाली.

आणि डाव्या खांद्यावर, अगदी शिवणीपाशी, मला पुन्हा ऐकू आलं. पहिल्याहून बारीक. पण होतं.

तेवढ्यात माझ्या मनात सगळं येऊन गेलं. खेचराने पास केलंय, अल्माने पास केलंय, गाव टाळ्या वाजवतंय. तिची सावरत आलेली पत पुन्हा सगळ्यांसमोर मीच कशाला हलवू? पाय फाटकाकडे निघालेसुद्धा होते. मग मी वळले.

"नाही," मी म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून जवळ जाऊन ओरडले, "डावा खांदा वाजतोय!"

अल्माने बिशपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला ऐकू आला?"

"हो."

"एवढासा आवाज तुला ऐकू येतो." तिने माझ्या उजव्या बाहीकडे बोट केलं. "मग ऑगस्टमध्ये काखेतला?"

सगळे बघत होते. माझे कान तापले. "तोही आला होता," मी म्हटलं. "तू 'जा' म्हणालीस, म्हणून गप्प बसले."

अल्मा उभी राहिली. तिला इतकं संतापलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "कान माझे गेले होते गं! तुझ्या जिभेला काय झालं होतं? चोवीस तास चालणारी जीभ तुझी, माझ्याच दारात बरी लुळी पडली!" मग कुंपणाकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही? तुमच्या चार कोटांचा आवाज तुम्हालाही आला असणार. सगळे सभ्य झालात होय रे माझ्यापुढे?" कुंपणावरच्या चौघांनी आपापल्या बुटांकडे बघितलं.

तिने माझ्या अंगातून कोट ओढून घेतला आणि तिथेच, उन्हात, डावा खांदा उसवायला बसली. मान वर न करता म्हणाली, "सोमवारपासून शाळा सुटली की इथे यायचं. मी कापेन, खेचर बघेल, तू ऐकशील. आणि खोटं बोललीस तर कात्री माझ्या हातात आहे."

शनिवारी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, मी खोऱ्यात होते. तोच नर होता असं मी म्हणत नाही, लोक म्हणतात. तो पंचवीस पावलांवर येऊन आडवा उभा राहिला आणि त्याने गवतात मान घातली. मी ओढलं, श्वास धरला, सोडलं. तो साठेक पावलं पळाला आणि देवदारांत कोसळला. मांस खाली आणायला वेंडेल, त्याचा भाऊ आणि अर्थातच बिशप, असे सगळे लागले.

संध्याकाळी मागच्या मांडीचा मोठा तुकडा कापडात गुंडाळून मी अल्माकडे गेले. दुकानात पाच-सहा जण होते. ते शिंगं केवढी, पावलं किती, बाण कुठे लागला, असं एकदम विचारायला लागले. अल्माने हाताने सगळ्यांना गप्प केलं आणि मला खुर्चीपाशी बोलावलं.

"तू धनुष्य ओढलंस तेव्हा काय ऐकू आलं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

तिने डोळे मिटून घेतले आणि कानामागे तळवा धरला. "मोठ्याने सांग."

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "काहीच नाही!"