हौसाच्या गालावरची टिचकी

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. हौसाच्या अंगात देवी येत नव्हती, आणि ते मला माहीत होतं. माझी ही धाकटी बहीण जाऊन काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येकजण तिच्या पुण्याईचं बोलतो; मी मान खाली घालून ऐकतो.

गळ्यावरच्या गाठीपायी नवऱ्याने तिला टाकलं, तेव्हापासून ती नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी माझ्याजवळ होती. बाया तोंडावर टोमणे मारत. ती हसून म्हणायची, सासरच्यांनी डोरलं काढून घेतलं, म्हून देवानं हे घातलं. शेवटी नगरला नेऊन गाठ काढली. निघताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की या ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम उतरतं. गोळ्या चुकवू नका, आणि रोज कानापुढे गालावर टिचकी मारून बघा. ओठाचा कोपरा उडाला, बोटं आखडली, तर असाल तसे घेऊन या.

भाताच्या आवणीत, रोपं लावायच्या घाईत गोळ्या संपल्या त्या संपल्याच. मग एका मंगळवारी, देवळात आरती चालू असताना तिचं मनगट वाकलं, बोटांची टोकं एकत्र आली... चिमटीत कुंकू धरल्यासारखी. ओठ ताणले गेले. “आई आली गं,” म्हणत शेजारची भिकाआत्या पाया पडली, आणि त्याच टोमणेवाल्या बाया ओटी भरायला पुढे सरकल्या. त्यांच्या डोक्यांवरून हौसा माझ्याकडे बघत होती. डोळे अगदी शुद्धीवर, आणि त्यांच्याखाली ते हसल्यासारखं तोंड.

घरी आल्यावर तिने स्वतःच गाल पुढे केला. मी टिचकी मारली. ओठ उडाला. पुन्हा मारली... आतून कुणी दोरा ओढावा तसा पुन्हा उडाला.

“दादा, देवी न्हाई ही. दवाखान्यात ने मला.”

“नेतो की. येता मंगळवार होऊ दे.”

टाकलेल्या बहिणीच्या पाया पडत होते लोक. पारावर मला जागा करून देत होते. ते माझ्याच्याने सुटलं नाही.

त्या मंगळवारी ओटी भरता भरताच तिचा गळा आवळला. श्वास आत घेताना लांबट, चिरका आवाज निघू लागला. बाया म्हणाल्या, आई बोलतेय. सगळ्यांनी हात जोडले... मीही जोडले. आवाज थांबला, तरी बराच वेळ कुणी हात सोडले नाहीत.

आता देवळाशेजारी तिच्या नावाचा दगड शेंदूर लावून बसवलाय. आजारी लेकीसुनांना दवाखान्याऐवजी तिथे आणतात. इथे लिहून मी मोकळा होत नाही. ती आजारी होती आणि मला ते कळलं होतं, एवढं त्या बायांना तोंडाने सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.