बिबीजानच्या हातातली दोरी

मंद्रूपच्या पुढे भीमेकाठी शेताला पाणी ओढणारी कुणाची मोटर नदीत बुडाली, की नबीसाबला बोलावणं यायचं. त्याच्याबरोबर त्याची बायको बिबीजानही यायचीच. नबीसाब एका दमात तळ गाठायचा आणि बिबीजान काठावर बसून त्याच्या कमरेची दोरी धरायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं ती दोरी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. मोटरच्या मालकाचा डोळा मोटरवर असतो, माणसावर नसतो, असं तिचं म्हणणं.

१९७५ च्या पावसाळ्यात चनबसप्पा नावाच्या शेतकऱ्यानं तिला अगदी वैताग आणला. नदी फुगतेय हे शुक्रवारी दुपारीच दिसत होतं. शेजाऱ्यांनी माणसं लावून आपापल्या मोटरी वर ओढून घेतल्या. चनबसप्पाची मोटर जड, तिला बैल हवेत. आणि शुक्रवारी अमावस्या. त्याच्या घरात अमावस्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. उद्या पहाटे बघू, म्हणून तो झोपला. पहाटे बघायला मोटर उरली नव्हती.

पुढच्या गुरुवारी पाणी थोडं उतरलं, पण ओढ तशीच होती. बिबीजाननं एक काटकी पाण्यात टाकली आणि काठाकाठानं तिच्याबरोबर चालू लागली. दहा पावलांतच काटकी पुढे निघून गेली.

"आज न्हाई," ती म्हणाली. "आठ दिस थांबा."

"भाबी, आठ दिसांत वाळूत गाडली जाईल की मोटर!" चनबसप्पा म्हणाला.

"मग अमावस्येला इचारायचं हुतं."

नबीसाबनं तोवर सदरा काढलासुद्धा होता. "एकदाच जाऊन येतो. नुसता नाडा बांधायचाय मोटरला, मग बैल वडतील."

"एकदाच म्हणून तुमी नऊ नऊदा गेलाय."

पण तो ऐकणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. त्याला स्वतःला एका ओढीत सोडता येईल अशी गाठ तिनं त्याच्या कमरेला मारली आणि नेहमीचं सगळं पुन्हा सांगितलं. तोंड धारेकडं ठेवायचं. मोटरच्या पायपावरचा हात सोडायचा नाही. गढूळ पाण्यात वर कुठं, खाली कुठं कळेनासं झालं, तर तोंडातून एक बुडबुडा सोडायचा. तो जाईल ते वर. वाहून जायला लागलं तर धारेशी झुंजायचं नाही, तिरकं काठाकडं यायचं.

"एकोणीस वर्सं ऐकतोय," नबीसाब म्हणाला.

"ऐकताय. करताय कुटं?"

तो बुडाला. बिबीजान आकडे मोजू लागली. दोरीला एक हिसका म्हणजे ढील, दोन हिसके म्हणजे ओढ, असं त्यांचं ठरलेलं. चाळिसाला एक हिसका आला. तिनं दोन हात दोरी सोडली.

चनबसप्पाची हयात विहिरींचा गाळ काढण्यात गेली होती. विहिरीत खालून एक हिसका आला, की वरच्यानं पाटी ओढायची. त्याला वाटलं, बाई घाबरून चुकली.

"भाबी, माणूस वड म्हणतोय आन् तुमी सोडताय!"

त्यानं दोरी हिसकावली आणि पाय रोवून ओढू लागला.

"सोडा! सोडा म्हणते! ढील मागितलीय त्यांनी!"

तो सोडेपर्यंत दोरी हलकी झाली. टोकाशी नुसता सुटलेला फास वर आला.

काठावरची माणसं "नबीसाब! नबीसाब!" ओरडत होती. सगळ्यांचे डोळे तो बुडाला त्या जागेवर. बिबीजाननं तिकडे पाहिलंही नाही. एवढ्या धारेत माणूस बुडाल्या जागी वर येत नाही, एवढं या शहाण्यांना कळू नये! चपला टाकून, दोरी उचलून ती खाली वळणाकडे पळत सुटली. नदीत पडलेलं सगळं त्या वळणावरच काठाला लागायचं. आकडे चालूच होते. शंभर झाले. दीडशे झाले. नबीसाबचा दम शंभराच्या पुढे कधी टिकला नव्हता. दोनशे वीसला ती वळणावर पोचली.

पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून नबीसाब खोकत होता.

तिनं दोरी फेकली, त्याला काठावर घेतलं, पालथा करून पाठीत चार धपके घातले. ते सगळेच काही पाणी काढण्यासाठी नव्हते.

"तिरकं आलात?"

"आलो," तो धापा टाकत म्हणाला. "पायपाखाली अडकलो हुतो. ढील मागितली, तर वड कुणी दिली? गाठ सोडली म्हणून वाचलो."

थोड्या वेळानं दम परत आला, तसा तो उठून बसला. "पर मोटर घावली. आता जागा ठावं हाय. परत..."

बिबीजान दोरीवर बसली. तेवढ्यात चनबसप्पा आणि काठावरची माणसं धावत आली.

"भाबी, चुकलो. आता दोरीला हात लावनार न्हाई. एक डाव..."

बिबीजान उठली आणि तिनं दोरी चनबसप्पाच्याच कमरेला बांधली. "कमरेइतक्या पाण्यात नुसतं उभं ऱ्हावा, अण्णा. मी शंभर मोजते. उभं ऱ्हायलात, तर हे परत पान्यात जातील."

चार माणसांसमोर नाही म्हणता येईना. चनबसप्पा धोतर खोचून उतरला. बाराला तो वाकला, विसाला त्याचा एक पाय उचलला गेला, सव्विसाला बिबीजाननं त्याला बाहेर ओढलं. तो काठावर बसला आणि धोतर पिळू लागला.

"गाडली तर गाडली," तो अखेर म्हणाला. "पानी उतरू द्या."

नबीसाब कुरकुरत सदरा घालू लागला. "मला इचारलं का कुनी?"

"न्हाई," बिबीजान म्हणाली, दोरी खांद्यावर टाकली आणि चपला शोधायला गेली.