ताऱ्याची मयत

आमच्या बाबांच्या पोटात बातमी राहत नाही. तरी त्या सकाळी मी चिखलीहून देऊळघाटला त्यांना फोन केला, कारण माझ्याच पोटात ती राहत नव्हती.

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि फावल्या वेळात सुपरनोव्हा शोधते. ऐकायला भारी वाटतं, पण काम तांदूळ निवडण्याचं. परदेशातल्या एका दुर्बिणीचे फोटो इंटरनेटवर येतात. दूरच्या दीर्घिकेचा जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवायचा, नव्यात एखादा ठिपका जास्तीचा दिसला की कळवायचं. मी वर्षानुवर्षं ठिपके कळवत होते आणि उत्तरं यायची : हा लघुग्रह आहे, तो कॅमेऱ्याचा दोष आहे. या वेळी उत्तर आलं की ठिपका खरा दिसतो. आता मोठ्या दुर्बिणीतून त्याच्या प्रकाशाची तपासणी होईल, आणि तो पहिला कोणी पाहिला तेही तेव्हाच ठरेल. मला तेवढंच हवं होतं. एका ताऱ्यापुढे तरी पहिलं पाहणारी म्हणून माझं नाव लागावं.

बाबांनी फोन ठेवला आणि थेट पेढे आणले. आपल्या पोरीनं नवा तारा शोधला, असं सांगत गावाचं तोंड गोड केलं. रविवारी मी गेले, तर आमच्याकडेच राहणाऱ्या आत्यानं मला ओवाळायला घेतलं आणि तारा जन्मला कधी ते विचारलं. चुकीचं ऐकलं की माझी जीभ गप्प बसत नाही. म्हटलं, जन्मला नाही, मेला. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा शेवटचा स्फोट.

आत्याचं ताट हातातच राहिलं. बाबांचा चेहरा पार उतरला.

"म्हंजे मी मयतीचे पेढे वाटले?"

सुतकाच्या बाबतीत आमच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. तिनं विचारलं, गेला कधी? काही कोटी वर्षांपूर्वी, मी सांगितलं, त्याचा उजेड इथं पोचायलाच तेवढा वेळ लागला. आत्यानं जरा विचार केला आणि निवाडा दिला, बातमी वर्ष उलटून कळली तर सुतक नाही, नुसती आंघोळ. तो तारा आपला कोण लागतो म्हणून मी भांडायला उठले, तर म्हणाली, पोरीनं पाहिला म्हणजे घरचाच. भर थंडीत बाबा डोक्यावरून पाणी घेऊन आले आणि कुडकुडत मलाही न्हाणीकडे पिटाळलं. मी एम.एस्सी. झालेली बाई, पण मुकाट्यानं गेले.

एवढ्यावर गाव सोडतं का? मयत म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला, कशानं गेला? बाबा रोज फोन करून रिपोर्ट आला का विचारायचे. मी समजावलं, एक तर भलामोठा तारा असेल, आतलं जळण संपून स्वतःच्याच वजनानं खचलेला. नाहीतर छोटा म्हातारा तारा असेल, जोडीदार ताऱ्याचा माल ओढून ओढून फुटलेला. बाबा म्हणाले, दुसराच असंन. शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरून वावर वाढवणारे त्यांनी लय पाहिले होते.

रिपोर्ट आला. त्या उजेडात हायड्रोजन नव्हता, सिलिकॉन होतं. म्हणजे बाबा बरोबर निघाले, धुरा कोरणाराच होता. खाली मात्र एक ओळ होती. आकाश आपोआप तपासणाऱ्या एका मशीननं हाच ठिपका माझ्या काही तास आधी कळवला होता. शोध त्या मशीनच्या नावावर.

असं डोकं सटकलं माझं! माणूस असता तर दोन शब्द तरी सुनावले असते, मशीनशी काय भांडणार? मग रडू आलं. फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून बुलढाण्यात जीप बदलून देऊळघाट गाठलं.

बाबा चहाच्या हॉटेलात बसून चार जणांना तारा कशानं गेला ते समजावत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं की आपण पहिले नाही, पेढे फुकट गेले, आता लोकांना काय सांगायचं ते तुम्हीच बघा.

"म्हून रडून राह्यली का?" बाबा म्हणाले. "मयतीत पह्यला कोन आला, हे कोनी इचारते का बाई? त्या मशीननं पाह्यलं अन् गेली पुढं. आंघोळ तं आपनच केली ना."