घरातल्या घरात गेलेला मेल

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे अतुलचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि आसपासच्या चार संस्थांच्या वेबसाइटी. त्यातली एक बोरी अरबच्या कांताबाईंच्या गोधडी गटाची. गटाच्या नावाचा मेलपत्ता त्यानंच हौसेनं काढून दिला होता. कांताबाई तो सगळ्यांना सांगायच्या, घराचा पत्ता सांगावा तसा.

पुण्याच्या एका प्रदर्शनवाल्यांनाही त्यांनी तोच दिला. ‘स्टॉलसाठी जागा झाली तर मेल करू,’ ते म्हणाले. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी जीपमधून उतरल्या की कांताबाई आधी दुकानात.

“जय भीम, बाबू. आला का?”

“नाही न मावशी.”

“तुयं मशीन झोपून तं नाही राह्यलं?”

अतुल हसला. वेबसाइट आणि मेल त्यानं नुकतेच नव्या कंपनीच्या सर्व्हरवर हलवले होते. दुकानाचा मेलही तिथंच होता. त्यावरून त्यानं गटाला एक मेल पाठवला. लगेच पोचला.

“पाहा, चालू आहे. त्यायनंच नसंल पाठवला.”

कांताबाईंनी मान डोलावली. पोराचा शब्द होता.

मग एकदा त्यानं नव्या गोधडीचा फोटो मोबाइलमधल्या स्वतःच्या जीमेलवरून गटाच्या पत्त्यावर पाठवला. तो पोचला नाही. त्यानं जुन्या सर्व्हरवरची गटाची मेलपेटी उघडली. फोटो तिथं होता. त्याखाली पुण्याचे मेल. शेवटचा असा: ‘उत्तर नाही, म्हणजे आपली इच्छा नसावी. जागा दुसऱ्या गटाला देत आहोत.’

तो तसाच बोरीला गेला. कांताबाई अंगणात टाके घालत होत्या. त्यानं सगळं वाचून दाखवलं.

“मंग तू माह्यासमोर पाठवला, तो कसा आला?”

“तो घरातल्या घरात गेला, मावशी. बाहेरून येणाऱ्याले मी जुन्याच घराचा रस्ता दाखवून ठेवलता. बदलाचा राहून गेला. आज बदलला.”

कांताबाईंनी दोरा दातानं तोडला.

“इच्छा नसावी, असं लिवलं त्यायनं?”

“हो.”

“जागा गेली तं गेली. इच्छा होती, तेवढं कळव त्यायले.”

त्यानं तिथंच बसून कळवलं.

पुढच्या बाजाराला जीप थांबली. अतुल दारात आला. कांताबाईंनी जय भीम केला आणि पुढे गेल्या. आला का, असं विचारलं नाही. आलं काहीच नव्हतं. तरी त्यांनी विचारायला हवं होतं, असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.