विहीणबाई परदेशी निघाल्या

आमच्या लेकीनं प्रागचा मुलगा पसंत केला, त्यामुळे मला चेक विहीण मिळाली. बाई साधीसुधी नव्हे. आधी शिक्षिका, मग तिकडची जुनी कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर सोशल डेमोक्रॅट पक्षात. नगरपालिका, पुढे थेट संसद. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी, कामकरी बायांसाठी भांडायच्या. पडल्या, पुन्हा निवडून आल्या, आणि शेवटी एका निवडणुकीत सगळा पक्षच झोपला. मग काय, वेळच वेळ. लेकीबरोबर जबलपूरला आल्या, आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायला.

विहिणीचा मान म्हणून मी ओटी भरली, भेडाघाट दाखवला. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना ह्यांचा घास हातातच राहिला.

"अवं, परदेशी पाहुणा आला तर ऑफिसला आधी लिहून द्या लागते ना!"

"मग काहून नाही दिलं?"

"मी तर विहीणबाई म्हणूनच पाहून राहिलो होतो. परदेशी हे डोक्यातच नाही आलं."

संरक्षण खात्याची फॅक्टरी, निवृत्तीला आठ महिने. चौकशी लागली तर आयुष्यभराची नोकरी मातीत. तेवढ्यात बेल वाजली. मी विहीणबाईंचा दंड धरला, त्यांना स्वयंपाकघरात ढकललं आणि दार लोटून घेतलं.

शेजारीण होती. "भाभीजी, बड़ी कढ़ाई देंगी ज़रा?"

कढई आत होती. मी चक्क नाही म्हणाले.

ती गेल्यावर आत पाहिलं, तर विहीणबाई ओट्याखाली सिलिंडरला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. असं बसायला मी सांगितलंच नव्हतं. लेकीनं त्यांना विचारलं आणि रडत रडत मला सांगितलं: लहानपणी दार वाजलं की आई त्यांना असंच बसवायची. वडिलांना पोलीस घेऊन गेले तेव्हाही त्या अशाच बसल्या होत्या. राजकारणात गेल्या त्या यापायीच, कुणाच्या लेकराला असं बसावं लागू नये म्हणून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी कागद घेतला आणि चूक कबूल करून अर्ज लिहिला. विहीणबाई पासपोर्ट घेऊन उठल्या. इतकी वर्षं लोकांसाठी बोलले, आज व्याह्यांसाठी बोलते, म्हणाल्या.

दोघं फॅक्टरीच्या फाटकाकडे चालत गेली. मला सगळं कळत होतं, तरीही धावत जाऊन दोघांना ओढून आणावं आणि आतून कडी घालावी, एवढंच वाटत होतं.